ग्रामीण बालकांचा पूरक आहार : परिणामकारकतेचा प्रश्न

शासकीय पोषण-योजनांचे वार्षिक अहवाल चाळले असता त्यांत मुख्यतः दोन प्रकारचे आकडे आढळतात. किती लाभार्थींची नोंद झाली, हा पहिला. वर्षातील किती दिवस आहार वाटण्यात आला, हा दुसरा. या दोहोंवरून कार्यक्रमाचा व्याप कळतो, आणि तो थोडाथोडका नाही. एकट्या महाराष्ट्रात अंगणवाड्यांची संख्या सुमारे १ लाख १० हजार आहे. तथापि व्याप म्हणजे परिणाम नव्हे. वाटलेल्या अन्नाने बालकाच्या वाढीत काय फरक पडला, हा प्रश्न निराळा असून त्याचे उत्तर वाटपाच्या नोंदवहीत सापडण्याजोगे नाही. योजना निष्फळ ठरल्या असे म्हणणाऱ्यांचे आणि त्या यशस्वी झाल्या असे म्हणणाऱ्यांचे प्रतिपादन बहुधा सारखेच अपुरे राहते, ते या प्रश्नाचे एक अंग दुर्लक्षिले गेल्यामुळे. ते अंग म्हणजे आहार मिळतो त्या वेळचे बालकाचे वय.

वाढीचे मोजमाप तीन प्रकारांनी करतात. वयाच्या मानाने वजन कमी असल्यास त्यास अल्पवजन म्हणतात, वयाच्या मानाने उंची कमी असल्यास खुरटलेपण, आणि उंचीच्या मानाने वजन कमी असल्यास कृशता. खुरटलेपण हे दीर्घकाळच्या अपुऱ्या आहाराचे व वारंवार येणाऱ्या आजारांचे संचित होय. कृशता बहुधा अलीकडच्या उपासाची वा आजाराची खूण असते. अल्पवजनात या दोहोंची सरमिसळ होते. अंगणवाड्यांतून दीर्घकाळ केवळ वजन घेतले जात असे. उंची मोजण्याची साधने सर्वत्र पोहोचविण्याचा प्रयत्न २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानानंतरचा आहे. म्हणजे ज्या हानीची भरपाई सर्वांत कठीण, तीच कित्येक वर्षे मोजली जात नव्हती.

योजनांचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. १९६३ मध्ये उपयोजित आहार कार्यक्रम सुरू झाला. त्यामागोमाग १९७०-७१ मध्ये विशेष पोषण कार्यक्रम आला व त्यात बालकास दररोज सुमारे ३०० उष्मांक, वर्षातून ३०० दिवस, असे प्रमाण ठरले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुकडी वाटण्यात आली. ती चव अद्यापही अनेक वृद्धांच्या स्मरणात आहे, आणि घरपोच आहाराच्या पाकिटाला ग्रामीण भागात पुष्कळदा सुकडी हेच नाव मिळते, याचे मूळही तेथेच असावे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य-तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिने एका छपराखाली आणल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून दिलेल्या आदेशांमुळे योजनेला हक्काचे स्वरूप येत गेले. २००६ च्या आदेशानुसार सहा वर्षांखालील चाळीस बालके असलेल्या वस्तीला अंगणवाडी मागण्याचा अधिकार मिळाला. २००९ मध्ये प्रमाण वाढून प्रतिदिनी ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असे झाले आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने त्यास वैधानिक आधार दिला.

या प्रमाणांमागे एक शास्त्रीय वाद दडलेला आहे. १९५० व १९६० च्या दशकांत भारतीय बालकाचा मुख्य अभाव प्रथिनांचा आहे, असे मत जगभर प्रचलित होते व प्रथिनयुक्त पिठे तयार करण्याकडे सर्वांचा ओढा होता. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मताला छेद दिला. खेड्यांतील एक ते पाच वर्षे वयाच्या बालकांना चौदा महिने रोज सुमारे ३१० उष्मांक, परंतु प्रथिने मात्र केवळ ३ ग्रॅम, असा पूरक आहार देऊनही त्यांच्या उंचीत व वजनात स्पष्ट वाढ झाली. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ असा की, बालक उपाशी असते तेव्हा त्याने खाल्लेली प्रथिनेही इंधन म्हणून जळून जातात. आधी पोट भरले पाहिजे. सातारा जिल्ह्यात जन्मलेले व पुढे पुण्यात संशोधन करणारे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनीही प्रथिनांची उणीव ही बहुतांशी अपुऱ्या अन्नाचाच परिणाम होय, असे आकडेवारीच्या आधारे मांडले होते.

येथवर दोघांचे एकमत होते. शरीर कमी आहाराशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते, या सुखात्म्यांच्या विचाराचा आधार घेऊन १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेकलर यांनी ‘लहान पण निरोगी’ ही कल्पना पुढे केली, तेव्हा मात्र गोपालन यांनी तिचा कडवा प्रतिवाद केला. खुरटलेली उंची ही जुळवून घेण्याची किंमत आहे, सोय नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद निव्वळ पुस्तकी नव्हता. सौम्य खुरटलेपण निरुपद्रवी मानले तर योजनेचे यश केवळ तीव्र कुपोषितांच्या संख्येवरून मोजता येते. ते हानिकारक मानले तर बहुसंख्य ग्रामीण बालके हिशेबात येतात. पुढील काळातील पुराव्यांनी गोपालन यांचीच बाजू बळकट केली आहे.

त्यांतील एक पुरावा हैदराबादच्याच परिसरातील आहे. १९८७ ते १९९० या काळात तेथील काही खेड्यांत पूरक आहाराची योजना आधी पोहोचली होती व लगतच्या काही खेड्यांत पोहोचावयाची होती. अशा एकूण २९ खेड्यांतील त्या वेळी जन्मलेली मुले-मुली १३ ते १८ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासण्यात आली. गर्भावस्थेपासून योजना लाभलेल्या खेड्यांतील मुलांची उंची सरासरीने १४ मिलिमीटरने अधिक भरली व त्यांच्या शरीरातील इन्सुलिन-प्रतिरोध कमी आढळला. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. दीड सेंटिमीटरही नाही, असे म्हणून हा आकडा झटकून टाकण्याचा मोह होणे साहजिक आहे. परंतु येथे तुलना आहार खाल्लेल्या व न खाल्लेल्या बालकांची नसून योजना असलेल्या व नसलेल्या गावांची आहे. ज्यांच्या आया केंद्रावर कधी फिरकल्या नाहीत, अशी मुलेही या सरासरीत मोजली गेली आहेत. प्रत्यक्ष खाणाऱ्यांवरील परिणाम त्यामुळे याहून मोठा असला पाहिजे.

२००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आधारे मोनिका जैन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले विश्लेषण यास पूरक ठरते. दोन वर्षांखालील ज्या मुलींना अंगणवाडीचा आहार रोज मिळत होता, त्या तो न मिळणाऱ्या मुलींहून किमान एक सेंटिमीटर उंच आढळल्या. मात्र इतक्या नियमितपणे आहार मिळणाऱ्या बालकांचे प्रमाण अगदीच अल्प होते. परदेशी पुरावा पाहावयाचा तर ग्वातेमालातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात झालेला प्रयोग प्रसिद्धच आहे. तेथे पौष्टिक पेय पहिल्या तीन वर्षांत लाभलेल्या मुलांना प्रौढपणी मिळणारी मजुरी लक्षणीयरीत्या अधिक होती. तीन वर्षांनंतर ते लाभलेल्यांत असा फरक दिसला नाही.

या सर्व निष्कर्षांतून वयाचा मुद्दा पुनःपुन्हा वर येतो, आणि त्याचे शारीरिक कारण उघड आहे. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध पुरते. त्यानंतर दुधाखेरीज लागणारे अन्न ६ ते ८ महिन्यांच्या बालकास दिवसाला सुमारे २००, ९ ते ११ महिन्यांच्या बालकास ३०० आणि १ ते २ वर्षांच्या बालकास ५५० उष्मांक इतके असते. कायद्याने ठरविलेले ५०० उष्मांकांचे प्रमाण या आकड्यांशेजारी ठेवून पाहावे. सहा वर्षांच्या मुलाला जो केवळ पूरक घास, तोच सव्वा वर्षाच्या बालकाला जवळजवळ संपूर्ण वरचा आहार होय! शासनाने दिलेले सर्व अन्न या वयाच्या बालकाच्या मुखी पडते, तर निदान उष्मांकांचा प्रश्न बव्हंशी मिटावयास हवा होता. तो मिटलेला नाही. २०१९-२१ च्या पाहणीनुसार देशातील ६ ते २३ महिन्यांच्या बालकांपैकी केवळ ११.३ टक्के बालकांना किमान पुरेसा आहार मिळत होता.

अन्न आणि बालक यांच्या दरम्यान काय घडते, हे पाहिल्याशिवाय या विसंगतीचा उलगडा होत नाही. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत स्वतःच्या पायांनी येतात, रांगेत बसतात व सेविकेसमोर गरम आहार खातात. त्याहून लहान बालकांसाठी मात्र घरपोच आहाराची पाकिटे आईच्या हाती देण्यात येतात. पाकीट घरी गेले की ते घराचे होते. एका घरात तीन मुले असली तर ते तिघांत वाटले जाते. थोरली दोघे ते चटकन संपवितात आणि धाकट्याच्या वाट्याला सर्वांत कमी येते. यात आईचा दोष काढणे अन्यायाचे होईल. भुकेल्या तीन लेकरांपैकी एकालाच भरविण्याचा नियम कोणतीही आई पाळणार नाही. जॉर्ज बीटन व हुसेन घासेमी यांनी १९८२ मध्ये विविध देशांतील अशा कार्यक्रमांचा आढावा घेतला, तेव्हा वाटलेल्या अन्नाचा फार मोठा भाग लक्ष्य बालकाच्या आहारात भर घालीतच नाही, असे त्यांना आढळले. पाकिटातील पीठ मुलांना आवडत नाही, ते जनावरांपुढे टाकले जाते, अशा तक्रारी तर महाराष्ट्रात वर्षानुवर्षे ऐकू येत आहेत. ठेकेदारांना या कामातून दूर ठेवून महिला मंडळे व बचत गटांकडे ते सोपवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले होते. त्या आदेशाला वळसा घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

दुसरी अडचण बालकाच्या जठराची. आठ किलो वजनाच्या बालकाच्या पोटात एका वेळी सुमारे २४० ग्रॅम अन्न मावते. पातळ पेजेत ग्रॅममागे ०.४ उष्मांक असतील, तर ५०० उष्मांकांसाठी सव्वा किलो पेज, म्हणजे दिवसातून पाचांहून अधिक वेळा पोटभर, भरवावी लागेल. जी बाई सकाळी शेतावर जाऊन दिवेलागणीस परतते, तिला हे अशक्य आहे. पेज घट्ट करावी तर दात न आलेल्या मुलाला ती गिळत नाही. चमचाभर तेल घातल्यास सुमारे ४० उष्मांक वाढतात, हा एक उपाय. दुसरा उपाय महाराष्ट्रातील घरांना परका नाही. मोड आणलेल्या धान्याच्या पिठातील विकर शिजलेले पिष्ट विरघळवितात व त्यामुळे घट्ट लापशी पाणी न वाढविता पातळ होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात या गुणधर्माचा पद्धतशीर अभ्यास झाला. नाचणीला मोड आणून तिचे पीठ वा सत्त्व बाळाला देणाऱ्या आज्यांना विकर हा शब्द ठाऊक नव्हता, इतकेच. पाकिटाची पाककृती ठरविताना या ज्ञानाचा उपयोग क्वचितच करण्यात आला, ही खेदाची गोष्ट आहे.

वयाचा विचार मुळापासून करणारी योजना भारतात झालीच नाही, असे मात्र नाही. १९८० मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने मदुरै जिल्ह्यातून प्रारंभ झालेल्या तामिळनाडूच्या एकात्मिक पोषण प्रकल्पाने ६ ते ३६ महिन्यांचीच बालके निवडली. दरमहा वजन घ्यावयाचे, ज्याचे वजन अपेक्षेप्रमाणे वाढत नसेल त्यालाच साधारणतः ९० दिवस केंद्रावर आहार द्यावयाचा, आणि वजन रुळावर आले की तो थांबवावयाचा, अशी तिची रीत होती. तीव्र कुपोषणाचे प्रमाण त्यामुळे स्पष्टपणे घटले. येथे तराजू हे नोंदीचे साधन नसून निर्णयाचे साधन होते. इतरत्र वजन घेतले जाते, आलेखावर बिंदू मांडला जातो आणि पुढे काहीच घडत नाही.

मोजमापाविषयी आणखी एक सावधगिरी अवश्य आहे. २००८ पूर्वी अंगणवाडीत कुपोषणाच्या चार श्रेणी मानीत व तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील बालक तीव्र कुपोषित समजले जाई. त्या वर्षापासून जागतिक आरोग्य संघटनेची वाढमानके स्वीकारण्यात आली आणि तीव्रतेची रेषा वर सरकली. बालके होती तीच राहिली, तीव्र कुपोषितांची संख्या मात्र कागदावर वाढली. या सीमेच्या अलीकडच्या व पलीकडच्या आकड्यांची थेट तुलना करणारे प्रबंध म्हणूनच ग्राह्य धरता येत नाहीत. शिवाय कुपोषित बालके अधिक दाखविल्यास ज्या सेविकेची वरिष्ठांकडून झडती होते, तिच्या नोंदवहीत ती कमी होत जाणे स्वाभाविक आहे. डॉ. अभय बंग व राज्यातील अन्य स्वयंसेवी संस्था यांनी सिद्ध केलेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने शासकीय दप्तरांत न उतरलेले बालमृत्यू उजेडात आणले होते. मृत्यूची ही गत, तर वजनाची काय असेल, हे वेगळे सांगावयास नको.

महाराष्ट्राचे आकडे या दृष्टीने बोधप्रद आहेत. राज्याने २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन केले व पहिल्या सहस्र दिवसांवर भर दिला. २००५-०६ मध्ये दोन वर्षांखालील बालकांत खुरटलेपणाचे प्रमाण ३९ टक्के होते, ते २०१२ च्या राज्यव्यापी पाहणीत २३ टक्क्यांच्या आसपास आले. ही घट असाधारण होती व तिची दखल परदेशातही घेतली गेली. मात्र ती मिशनमुळे झाली की याच काळात आईचे शिक्षण, लग्नाचे वय, प्रसूतिसेवा व उत्पन्न यांतही झालेल्या बदलांमुळे, हे अभ्यासकांना वेगळे काढता आले नाही. पाच वर्षांखालील सर्व बालकांचा विचार करता राष्ट्रीय पाहणीत खुरटलेपण २००५-०६ मध्ये ४६.३, २०१५-१६ मध्ये ३४.४ आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के भरले. म्हणजे पहिल्या दशकात मोठी उतरण आणि नंतर थांबा. कृशतेचे प्रमाण तर या अखेरच्या दोन्ही पाहण्यांत २५.६ टक्केच राहिले. नंदुरबार जिल्ह्यात दोन्ही वेळा निम्म्याहून अधिक बालके अल्पवजनी आढळली.

नंदुरबार, मेळघाट यांसारख्या भागांत योजनांची कमतरता नाही. मेळघाटातील बालमृत्यूंचा प्रश्न १९९० च्या दशकात न्यायालयापर्यंत गेल्यावर १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. तीव्र कुपोषितांसाठी ग्राम बालविकास केंद्रे व पोषण पुनर्वसन केंद्रेही पुढे निघाली. परंतु या भागाचे वर्ष सरकारी वर्षाप्रमाणे चालत नाही. पावसाळ्यात घरातील धान्य संपते, अतिसार व हिवताप वाढतात, रस्ते तुटतात आणि आई दिवसभर लावणीत असते. बालमृत्यूही याच महिन्यांत अधिक. दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला वा अन्य मजुरीला दूर जातात, ती थेट उन्हाळ्यात परततात. या काळात बालक गावच्या अंगणवाडीच्या पटावर असते आणि प्रत्यक्षात फडाच्या कडेला पाचटाच्या खोपीत. वर्षाकाठी ३०० दिवसांचा आहार त्याच्यापुरता पाच-सहा महिन्यांचाच उरतो, आणि तोही त्याच्या वाढीच्या ऐन काळात.

शाळेतील माध्यान्ह भोजनाचे मूल्यमापन या कसोटीने करणे योग्य होणार नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय स्वरूपात सुरू झालेली ही योजना महाराष्ट्रात प्रथम दरमहा तीन किलो तांदळाच्या व पुढे न्यायालयाच्या आदेशानंतर शिजविलेल्या खिचडीच्या रूपाने आली. सहा वर्षांच्या मुलाची गेलेली उंची ती परत आणू शकत नाही; तिचे काम वर्गातील भूक भागविण्याचे. ते ती करते. मध्य प्रदेशातील बालकांविषयी फरजाना आफ्रिदी यांनी २०१० मध्ये दाखविले की, शाळेत जेवण मिळाले म्हणून घरचे जेवण कमी केले जात नाही. आंध्र प्रदेशातील अभ्यासात दुष्काळाने झालेली हानी शालेय भोजनाने भरून निघाल्याचे दिसले. याहून अनपेक्षित निष्कर्ष २०२१ चा आहे : ज्या मुलींना शाळेत हे भोजन मिळाले, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या अपत्यांत खुरटलेपण कमी आढळले. ज्या परिणामासाठी योजना आखलीच नव्हती, तो पंधरा-वीस वर्षांनी दिसून यावा, ही मूल्यमापनाच्या शास्त्राला नम्र करणारी घटना आहे.

आईपासूनच आरंभ करण्याचा विचार महाराष्ट्राने २०१५ मध्ये आदिवासी क्षेत्रात सुरू केलेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत दिसतो. गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत व प्रसूतीनंतर काही काळ स्त्रीला अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण गरम जेवण देण्याची, आणि पुढे बालकांना अंडी वा केळी देण्याची ही योजना होय. अंडे उकडून पुढ्यात ठेवले की ते तिघांत वाटले जाण्याचा संभव बराच कमी. पिठाच्या पाकिटाहून ते या बाबतीत सरस आहे. परंतु जेवणासाठी अंगणवाडीपर्यंत यावे लागते, पाडे विखुरलेले असतात आणि भर लावणीच्या दिवसांत आठ महिन्यांची गर्भवतीही शेतावरच असते.

तेव्हा सहा महिने ते तीन वर्षे या वयाच्या बालकाला दिवसभर कोण सांभाळते व कोण भरविते, या प्रश्नापाशी सर्व चर्चा येऊन थांबते. छत्तीसगडमधील सरगुजा जिल्ह्यात २०१२ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘फुलवारी’ केंद्रांत पाड्यावरील आयाच आळीपाळीने या वयाची मुले सांभाळीत व त्यांना दिवसातून अनेकदा ताजे अन्न भरवीत. अन्नाचा खर्च शासनाचा, वेळ व हात पाड्याचे. कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असल्यास त्यांतीलच एका बाईला मुले सांभाळण्याकरिता नेमावे व तिला पूर्ण मजुरी द्यावी, अशी तरतूद २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यातही करण्यात आली होती. ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. लावणीच्या दोन महिन्यांपुरते पाड्यावरचे पाळणाघर आणि ऊसतोडीच्या सहा महिन्यांपुरते फडावरचे पाळणाघर यांस दर बालकामागे किती खर्च येतो व त्याने वजनात किती फरक पडतो, याचा नियंत्रित अभ्यास महाराष्ट्रातील कोणत्याही विद्यापीठाच्या आवाक्यातील आहे. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक वजनकाटा, एक उंचीमापक आणि पावसाळ्यात पाड्यावर राहण्याची तयारी.